कच्चे मडके पक्के होताना : गावात राहून नेतृत्व कसे घडवावे

बचत गटाची नवी सचिव, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर पहिल्यांदाच बसलेला तरुण, आरक्षणामुळे प्रथमच निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य किंवा शाळा व्यवस्थापन समितीवर नाव गेलेला पालक, यांपैकी कोणीही असो, महिन्या-दोन महिन्यांतच त्यांच्यासमोर एक प्रश्न उभा राहतो : आपल्या शब्दावर चार माणसांनी का चालावे? बहुतेकांना याचे उत्तर भाषणात आहे असे वाटते, म्हणून ते आधी माईकसमोर उभे राहायला शिकतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील महिला गटांबरोबर बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, भाषण ही यातली सर्वांत शेवटी येणारी गोष्ट आहे. नेतृत्व म्हणजे दुसऱ्यांचा वेळ, पैसा आणि विश्वास जपण्याची सवय. ती सवय एखादे खरे काम अंगावर घेऊन, खरे बोलणाऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली, पुन्हा पुन्हा केल्यानेच लागते.

काम लहान घ्यावे, पण खरे घ्यावे

सुरुवातीला तीन महिन्यांत पूर्ण होईल असे एकच काम निवडावे. त्या कामाला तारीख असावी, त्यात थोडा तरी पैसा किंवा धान्य-पाण्यासारखी वाटून घ्यायची वस्तू असावी, आणि ते बिघडले तर दुसऱ्या कोणाला तरी त्रास होईल इतके ते खरे असावे. गटाच्या कर्जाची परतफेड वसूल करून पासबुकावर नोंदवणे, खरिपापूर्वी वीस घरांसाठी एकत्र बियाणे खरेदी करणे, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची पाळी लावणे, अशी ही कामे असतात. ‘गावाचा विकास करीन’ हा संकल्प चांगला असला तरी शिकण्यासाठी तो उपयोगाचा नाही, कारण त्यात चूक नेमकी कोठे झाली हे कधीच कळत नाही.

पाण्याची पाळी हे तर मी शिकाऊ कार्यकर्त्यांना आवर्जून सुचवते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते सर्वांना आठवत असेल. टंचाईच्या अशा दिवसांत टँकर आल्यावर कोणाच्या घागरी आधी भरायच्या हा गावातला रोजचा तंटा असतो. ज्या कार्यकर्तीने कुटुंबांची यादी आणि माणशी घागरी चावडीच्या भिंतीवर लिहून लावल्या आणि आपले स्वतःचे नाव यादीत शेवटी घातले, तिला पुढे कोणत्याही बैठकीत आवाज चढवावा लागत नाही.

वाचन : आधी आपल्या संस्थेचे नियम

नेतृत्वावरची पुस्तके वाचण्यापूर्वी ज्या संस्थेत आपण बसलो आहोत तिचे नियम वाचावेत. गटाच्या सचिवाला पंचसूत्री पाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पण यांतले एक सूत्र निसटले की बाकीची चार कशी ढासळतात हे आपल्या गटाची मागच्या वर्षाची वही उघडून पाहिल्याशिवाय समजत नाही. ग्रामपंचायत सदस्याला हे ठाऊक हवे की वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात, ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते, आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ज्या स्त्रीला ग्रामसभेत बोलण्याचे धैर्य होत नाही, तिच्यासाठी ही महिला सभा म्हणजे सरावाची हक्काची जागा आहे. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाने कंपनीची नियमावली आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मांडीवर घेऊन, न समजलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवून, सनदी लेखापालाला विचारावा. असे विचारण्यात कमीपणा नाही. न समजता केलेल्या सहीची जबाबदारी मात्र आपल्यावरच येते.

थोरांची चरित्रे वाचावीत, परंतु त्यांचे पराक्रम मोजण्यासाठी वाचू नयेत. स्वामी रामानंद तीर्थ यांचे आयुष्य घ्या. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे ते नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि 17 सप्टेंबरला त्यांचे स्मरण करतो. 1938 च्या सत्याग्रहापूर्वीची अनेक वर्षे मात्र ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत मुलांना शिकवत होते. त्या वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांना पुढच्या लढ्यासाठी त्यांची वेगळी ओळख करून देण्याची गरज उरली नसेल. चरित्र वाचताना म्हणून तीन गोष्टी शोधाव्यात : हा माणूस कोणाकडून शिकला, त्याने कोणाला तयार केले, आणि नाव होण्यापूर्वी तो रोज काय करत होता. वाचनाबद्दल इतके पुरे.

मार्गदर्शक कसा शोधावा आणि त्याच्याकडून कसे शिकावे

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्याकडे कीर्तनात नेहमी सांगितली जाते. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले की यांतली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत बसले, नामदेव मात्र रागावले, आणि गोरोबांनी सांगितले की हे मडके कच्चे आहे. कथा येथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुखावलेले नरसीचे नामदेव औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले. ज्यांची कीर्ती आधीच पसरली होती, त्यांनी आपला कच्चेपणा मान्य करून गुरू शोधला.

मार्गदर्शक निवडताना हीच कसोटी लावावी. आपली स्तुती करणारा माणूस मार्गदर्शक होऊ शकत नाही. ज्याने आपण करतो आहोत ते काम स्वतः केले आहे, ज्याचा हिशेब गावात कोणी कधी काढला नाही, आणि ज्याला आपल्या पदाकडून काही मिळवायचे नाही, अशी व्यक्ती शोधावी. निवृत्त शिक्षिका, जुन्या दूध संस्थेची सचिव, ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघात, वर्षानुवर्षे लेखे ठेवणारी एखादी सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, कृषी विज्ञान केंद्रातील अनुभवी तज्ज्ञ, यांपैकी कोणी ना कोणी प्रत्येकाच्या पंचक्रोशीत असते. पक्षाचा किंवा भावकीचा पुढारी शक्यतो टाळावा, कारण त्याचा सल्ला चांगला असला तरी त्याची परतफेड पुढे मतांमध्ये करावी लागते.

त्या व्यक्तीकडे गेल्यावर ‘मला मार्गदर्शन करा’ असे मोघम म्हणू नये. ‘बाई, मी गटाची परतफेड बघते आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास येऊन वही दाखवू का? सहा महिनेच त्रास देईन,’ असे सांगावे. मागणी इतकी नेमकी असली की मोठी माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. जाताना तीन गोष्टी बरोबर न्याव्यात : केलेल्या कामाची वही, अडलेला एक प्रश्न, आणि मागच्या वेळी मिळालेल्या सल्ल्याचे काय केले याचा खरा वृत्तान्त. सल्ला पाळला नसेल तर तेही सांगावे. मार्गदर्शकाला सर्वाधिक वाईट वाटते ते सल्ला न पाळण्याचे नव्हे, तर तो विसरला गेल्याचे.

मी स्वतः हे एका चुकीतून शिकले. सचिव झाल्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही गटातल्या घरांसाठी सोयाबीनचे बियाणे एकत्र घेतले. उगवण तपासायची पद्धत मला ठाऊक होती : ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवायचे, आणि आठवडाभराने 70 किंवा त्याहून अधिक दाण्यांना चांगले कोंब आले तरच ते बियाणे पेरणीयोग्य समजायचे. माझ्या तपासणीत दाणे चांगले उगवले आणि मी बैठकीत सर्वांना निर्धास्त राहण्यास सांगितले. प्रत्यक्षात चार घरांच्या शेतांत उगवण विरळ झाली. मी पावसाला दोष देऊ लागले तेव्हा माझ्या मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, ‘दाणे किती पोत्यांतून काढले होतेस?’ मी एकाच पोत्यातून काढले होते. त्यांनी मला रागावून काही सांगितले नाही, पण पुढच्या बैठकीत हे वाक्य मीच उच्चारले पाहिजे असे बजावले. ते वाक्य उच्चारताना माझा आवाज थरथरत होता. त्या चार घरांना दुबार पेरणीसाठी गटाच्या निधीतून अंतर्गत कर्ज द्यावे असे बायकांनी त्याच बैठकीत ठरवले, आणि पुढच्या वर्षी बियाणे खरेदीचे काम पुन्हा माझ्याकडेच दिले. चूक लपवली असती तर ते काम आणि तो गट, दोन्ही माझ्या हातून गेले असते असे मला आजही वाटते.

बैठक हीच तालीम

सरावासाठी बैठकीइतकी चांगली जागा नाही, कारण ऐकणे, ठरवणे, भांडण सोडवणे आणि शब्द पाळणे या चारही गोष्टी तेथे एका तासात कराव्या लागतात.

बैठकीची वेळ आपल्या सोयीने ठरवू नये. सोयाबीनच्या काढणीत आणि राशीच्या (मळणीच्या) दिवसांत, किंवा येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आदल्या दिवशी, जेव्हा घरोघरी भज्जी-आंबिलाची तयारी चाललेली असते, तेव्हा बोलावलेल्या बैठकीला रिकाम्या हाताची माणसेच येतात आणि निर्णय मात्र सर्वांच्या नावे होतात. विषय व्हॉट्सॲपवर टाकावेतच, पण ज्या घरी फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो तेथे प्रत्यक्ष जाऊन सांगावे.

बसताना गोल बसावे. जी नेहमी बोलते तिला शेवटी आणि जी कधीच बोलत नाही तिला आधी विचारावे. सासू आणि सून एकाच गटात असतील तर सुनेला सर्वांसमोर थेट मत विचारणे हा तिच्यावर अन्याय ठरू शकतो. अशा वेळी दोघी-दोघींच्या जोड्या करून पाच मिनिटे आपापसात बोलायला सांगावे आणि मग प्रत्येक जोडीचे म्हणणे ऐकावे. विरोध करणाऱ्या बाईला गप्प बसवू नये; तिचा विरोध इतिवृत्तात तिच्या शब्दांत लिहावा. विरोध लिहिला गेला की तो बहुतेक वेळा तेथेच शांत होतो, आणि न लिहिलेला विरोध ओसरीवरून ओसरीवर फिरत राहतो.

निर्णय झाला की तो मोठ्याने वाचून दाखवावा : काय करायचे, कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. सही किंवा अंगठा वाचून दाखवल्यानंतरच घ्यावा. पैसा सर्वांसमोर मोजावा, आणि शक्यतो तो मोजणारी व्यक्ती आणि लिहिणारी व्यक्ती वेगळी असावी. दिलेल्या वेळेला बैठक संपवावी, जरी एक विषय उरला तरी.

भावकीचा किंवा उधारीचा जुना वाद बैठकीत उफाळणार हे आधीच कळलेले असेल तर बैठकीची वाट पाहू नये. दोन्ही घरी वेगवेगळे जावे, ऐकून घ्यावे, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याला न सांगता परतावे. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे आणि नव्या कार्यकर्त्या येथेच घसरतात.

रात्री वहीत तीन ओळी लिहाव्यात : काय ठरवून गेले होते, काय झाले, पुढच्या वेळी काय बदलेन. सहा महिन्यांनी त्या ओळी सलग वाचल्या की आपली एकच चूक चार-पाच वेळा लिहिलेली सापडते. पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यास म्हणजे ती एक चूक.

स्त्रिया अशी कामे सांभाळू शकतील का, अशी शंका अजूनही ऐकू येते, तेव्हा मी किल्लारीची आठवण देते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहाय्यक म्हणून नेमले गेले. त्यांनी घरोघरी जाऊन योजना समजावली आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. त्यांना कोणी आधी वक्तृत्व शिकवले नव्हते. काम समोर होते, दर दिवशी माणसे भेटत होती, आणि बोलणे त्या कामातून आले.

काम दुसरीच्या हाती देताना

दोन-तीन वर्षांनी आपले काम चांगले चालू लागते आणि तेव्हाच ते सोडण्याची तयारी करावी लागते. एका बाईकडेच सर्व वह्या, बँकेतले संबंध आणि अधिकाऱ्यांचे फोन नंबर असतील तर तो गट तिच्या आजारपणात बंद पडतो, आणि असे बंद पडलेले गट मी पाहिले आहेत. म्हणून पहिल्या वर्षापासूनच एका तरुण सदस्याला बरोबर घ्यावे. आधी तिने नुसते पाहावे, मग इतिवृत्त लिहावे, मग बँकेत एकटीने जावे, आणि शेवटी आपण हजर असताना बैठक तिने चालवावी. ती चुकेल तेव्हा सर्वांसमोर दुरुस्त करू नये. बाईंनी मला विचारला होता तसा एक प्रश्न परतीच्या वाटेवर विचारावा.

आमच्या गटात आता नवी सचिव आहे. तिच्या पहिल्या तीन बैठकांना मी दाराजवळ बसले होते आणि हातात वही घेतली नव्हती. सवयीने कोणी माझ्याकडे पाहून हिशेब विचारला की मी तिच्याकडे हात करत असे. चौथ्या बैठकीला कोणीही माझ्याकडे वळून पाहिले नाही.