चारातली तीन उत्तरं मी कशी घालवली: नंबर थिअरी पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला पुण्यात आलो तेव्हा नंबर थिअरीचा पेपर मी मनातल्या मनात ‘सोपा’ या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. मसावि, मूळ संख्या, बाकी काढणं, हे तर सगळं शाळेतलंच. पहिल्या इंटर्नलला २० पैकी ७ पडले. त्याच आठवड्यात टोपोलॉजीत १४ होते, म्हणजे डोकं जागेवर होतं.

गणित साधंच होतं: ४क्ष ≡ ८ (मॉड १२), म्हणजे ४क्ष ला बाराने भागल्यावर बाकी ८ उरली पाहिजे. मी दोन्हीकडचे चार उडवले, क्ष ≡ २ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. पेपर हातात आला तेव्हा शेजारी लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: ‘आणि ५?’

५ घालून बघा. ४ × ५ = २०, बाराने भागल्यावर बाकी ८. मग ८ घाला: ३२, बाकी ८. ११ घाला: ४४, बाकी पुन्हा ८. चार उत्तरं होती, त्यातलं मी एक लिहिलं. आणि यातली लाज अशी की ‘मसावि जेवढा, तेवढी उत्तरं’ हे प्रमेय मला तोंडपाठ होतं. ते लिहायला आलं असतं तर पूर्ण मार्क घेतले असते.

याचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. बारापासून चार-चार तासांच्या उड्या मारा: ४, ८, १२. तीनच घरांत पाय पडतो, मग परत तेच. म्हणून दोन उड्यांत आठवर पोचता, तसे पाच, आठ, अकरा उड्यांतही पोचता. आता पाच-पाचच्या उड्या मारा: ५, १०, ३, ८, १, ६, ११, ४, ९, २, ७, १२. बाराच्या बारा घरं झाली, एकही दोनदा नाही. ५ आणि १२ सहमूळ आहेत, म्हणजे त्यांचा मसावि १ आहे; ४ आणि १२ नाहीत, फरक तेवढाच. म्हणून ५ बिनदिक्कत उडवता येतो. ४ उडवायचाच असेल तर मॉडलाही मसाविने भागायचं: क्ष ≡ २ (मॉड ३). त्यातून २, ५, ८, ११ चौघंही बाहेर येतात. आणि उजवीकडे ८ च्या जागी ६ असते तर? तर उत्तरच नाही. चाराच्या उड्यांत ६ वर पाय पडतच नाही.

एका गणितावर एवढं लांबण लावलं, कारण ही ‘सहमूळ’ची अट पुढे प्रत्येक वळणावर उभी असते आणि आपण ती बारीक अक्षरातल्या सूचनेसारखी वगळतो. चायनीज रिमेंडर घ्या, म्हणजे दिलेल्या बाक्यांवरून संख्या शोधायचं प्रमेय. चाराने भागून १ उरते आणि सहाने भागून २ उरतात अशी संख्या शोधायला मी अर्धा तास घालवला होता. पहिल्या अटीने ती विषम, दुसरीने सम! ४ आणि ६ सहमूळ नाहीत, हे बघायला दोन सेकंद लागले असते.

स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधून येणाऱ्यांना जरा कडक सांगतो. ‘शेवटचा अंक, चारचं चक्र’ ही ट्रिक इथे तुम्हाला बुडवणार. ७ च्या घातांचे शेवटचे अंक ७, ९, ३, १ असे फिरतात. २ चे २, ४, ८, ६, त्यात १ येतच नाही. का येत नाही? इथे मार्क त्या ‘का’ला आहेत. क्लासवाल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचा धंदा सेकंदांचा आहे.

फर्माचं छोटं प्रमेय सांगतं: प मूळ असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ चा (प − १) वा घात मॉड प ला १ होतो. त्याचं उलट मात्र कधीही गृहीत धरू नका. ३४१ घ्या. १०२४ मधून १ काढला की १०२३, म्हणजे बरोबर ३ × ३४१. म्हणून २ चा दहावा घात मॉड ३४१ ला १ होतो, आणि म्हणून ३४० वा घातही. मूळ संख्येसारखं सगळं वागणं! पण ३४१ = ११ × ३१.

घाबरू नका, हाताने आकडे खेळवण्याची सवय इथे फुकट जात नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचं ६१७४ तुम्ही केलंच असेल, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, परत परत: ५४३२ वजा २३४५, ३०८७, ८७३० वजा ०३७८, ८३५२, ८५३२ वजा २३५८, ६१७४. मला वाटलं होतं, वर्षभर हेच करायचंय. तसं नाही. पण सिद्धता अडली की आधी दहा-बारा उदाहरणं हाताने करून बघण्याला मला अजून दुसरा उपाय सापडलेला नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या सोडवलेल्या पेपरांत तर नाहीच.

आणि शंका टॉपरला विचारू नका. तो दोन ओळींत सांगतो आणि आपल्याला कळल्यासारखं वाटतं. एटीकेटी लागलेला सीनियर गाठा. पाय कुठे घसरतो ते त्याला नेमकं माहीत असतं.

शेवटी क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी येईल (दोन विषम मूळ संख्यांपैकी एक दुसरीच्या मॉडला वर्ग आहे का, याची उलटसुलट सांगड घालणारं प्रमेय) आणि सगळं सोडून द्यावंसं वाटेल. गाउसने तिची पहिली सिद्धता १७९६ मध्ये शोधली, १८०१ मध्ये छापली, आणि तरी तो पुन्हा पुन्हा नव्या सिद्धता देत राहिला. तेव्हा एका वाचनात कळली नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही. माझी अख्खी दिवाळीची सुट्टी तिच्यात गेली. मला कळली ती आयझेनस्टाइन या गणितज्ञाची सिद्धता, ठिपके मोजायची. आलेख कागदावर ७ बाय ११ चा आयत काढा, कर्ण ओढा आणि कर्ण जिथून निघतो त्या कोपऱ्यातले, कडा सोडून आतले, ३ × ५ असे पंधरा ठिपके ठळक करा. कर्णाच्या एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला सात. कर्णावर एकही नाही. ७ आणि ११ सहमूळ आहेत ना.