थकलेल्या कानांचे निर्णय: स्वतंत्र संगीतकाराच्या वेळापत्रकाविषयी

स्वतंत्रपणे संगीत करू लागले तेव्हा माझ्याकडे वेळापत्रक नव्हते असे नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा प्रत्येक अर्धा तास वेगळ्या रंगाने भरलेला एक देखणा तक्ता मी भिंतीवर लावला होता आणि तो चौथ्याच दिवशी मोडला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी वेळापत्रक या कल्पनेलाच नावे ठेवत राहिले. आपण कलावंत आहोत, कारकून नव्हे, असे म्हणत मी त्या काळात नेमकी तीन गाणी पूर्ण केली आणि त्यांपैकी दोन आज कोणी ऐकू नयेत असे मला वाटते.

आपल्या कामात चाल बांधणारा, वाद्य वाजवणारा, ध्वनिमुद्रण करणारा, मिक्सिंग करणारा (म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज जुळवून एकसंध गाणे करणारा) आणि हिशेब ठेवणारा माणूस एकच असतो. या प्रत्येक कामाला मनाची आणि कानाची वेगळी अवस्था लागते, म्हणून जास्त तास काम करून घेणे हा वेळापत्रकाचा खरा उपयोग नाही. एका कामाने दुसऱ्याची उत्तम वेळ खाऊ नये, हा आहे. हे समजायला मला उशीर झाला, कारण मी ज्या खड्ड्यात पडले होते तो मला मेहनत वाटत होता.

संध्याकाळी गायन ध्वनिमुद्रित करायचे आणि उत्साहाच्या भरात त्याच रात्री मिक्सिंगला बसायचे, हा तो खड्डा. रात्री दोन वाजता गाणे भव्य वाटे आणि सकाळी तेच गाणे पोकळ, कर्कश आणि गोंधळलेले निघे. मग दुसऱ्या रात्री पुन्हा दुरुस्ती. एका गाण्याच्या मी अशा अकरा आवृत्त्या केल्या आणि दोष हेडफोनचा, प्लगइनचा (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा), खोलीचा असे मानत राहिले. दोष घड्याळाचा होता.

त्याची कारणे नीट सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. पहिले कारण म्हणजे आवाजाची पातळी बदलली की कानाची आवडनिवड बदलते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की मंद आवाजात आपल्याला खर्जाकडील सूर तुलनेने फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. रात्री थकल्यावर हात नकळत आवाज वाढवतो, त्यामुळे बेस, म्हणजे हाच खर्जाचा भाग, भरपूर वाटतो आणि आपण तो कमी करतो. सकाळी मंद आवाजात ऐकताना तो गायब झालेला असतो. दुसरे कारण म्हणजे दीर्घकाळ मोठा आवाज ऐकल्यावर कानाची संवेदनशीलता तात्पुरती घटते, विशेषतः ३ ते ६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, पट्ट्यात. याच पट्ट्यात शब्दांची धार असते, त्यामुळे ती बोथट वाटते, आपण ती वाढवतो आणि ताज्या कानाला ती टोचते. तिसरे कारण अधिक फसवे आहे. दिवसभर तेच गायन ऐकून शब्द पाठ झालेले असतात, म्हणून ते वाद्यांखाली दबले तरी आपल्याला स्पष्ट ऐकू येतात. खरे तर आपण ते ऐकत नसतो, आठवत असतो.

हा केवळ गाणे बिघडण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था नायॉश हिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त काळ राहू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला अवघा एक तास. रात्री हेडफोनवर मी किती आवाजात काम करत होते हे मी कधी मोजले नाही, याची मला आजही भीती वाटते. कानात शिटी वाजू लागली तर काम तिथेच थांबवा आणि ती टिकून राहिली तर डॉक्टरांकडे जा.

सध्याचा माझा दिवस अगदी साधा आहे. मिक्सिंग फक्त सकाळी, मंद आवाजात, पाऊण तास झाला की पंधरा मिनिटे पूर्ण शांतता, आणि ज्या दिवशी ध्वनिमुद्रण केले त्या दिवशी मिक्सिंग नाही. रियाज दोन बैठकींत होतो. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील सर्वांत सरस विद्यार्थीही एकट्याने दिवसाला सरासरी साडेतीन तासच सराव करत आणि दुपारी झोप घेत. हे वाचल्यावर आठ तास न करता आल्याची माझी अपराधी भावना बरीच कमी झाली. मेल, हिशेब, कोणाचा किती वाटा याच्या लेखी नोंदी ही कामे दुपारच्या सुस्तीत उरकावीत. त्यांना सकाळ देऊ नये.

मार्गदर्शकांविषयी माझे मत जरा कडवट आहे. ‘मूड आल्याशिवाय वाद्याला हात लावू नये’ असे मला ज्यांनी शिकवले, त्यांच्या घरी ठरलेल्या वेळी शिष्य येत आणि ठरलेल्या वेळी ते स्वतः वाजवायला बसत. जो आपल्या फसलेल्या आवृत्त्या ऐकवायला तयार असेल त्यालाच गुरू माना. तयार प्रीसेट (आवाजाची आधीच ठरवलेली मांडणी) आणि एका क्लिकवर होणारे मास्टरिंग (गाण्यावरचा शेवटचा हात) वापरायला माझी हरकत नाही, पण थकलेल्या कानाने निवडलेला प्रीसेटही चुकीचाच निघतो.

तुमचा तक्ता पहिल्या आठवड्यात मोडेल. मोडू द्या. नोकरी किंवा घरची जबाबदारी असेल आणि हाताशी फक्त रात्रच असेल, तर रात्री रियाज करा, चाली बांधा, नोंदी ठेवा. अंतिम निर्णय तेवढे सुट्टीच्या सकाळसाठी राखून ठेवा. सुरुवातीला एवढा एकच नियम पुरे आहे.

गेल्या महिन्यात मी स्वतः तो मोडला. गाणे प्लेलिस्टसाठी सुचवायचे तर स्पॉटिफाय ही गाणी ऐकवणारी सेवा ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी द्यायला सांगते. म्हणून मी घाईने रात्री एक वाजता मिक्स संपवला आणि फाइल डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी अशा सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, अपलोड करण्यासाठी तयार ठेवली. सकाळी मंद आवाजात ऐकले तेव्हा प्रत्येक ‘स’ कानाला टोचत होता. मी प्रकाशनाची तारीख दोन आठवड्यांनी पुढे ढकलली आणि त्या सकाळी गाण्याला हात न लावता फक्त रियाज केला.