दिग्दर्शन शिकायचंय? आधी श्रेयनामावली वाचा
नाट्यविभागाच्या माहितीपत्रकातले देखणे फोटो पाहून भुलायला होतं, पण ती नाटकं कित्येकदा प्राध्यापकांनीच बसवलेली असतात. म्हणून गेल्या तीन वर्षांच्या प्रयोगांच्या पत्रिका मागवा आणि ‘दिग्दर्शक’ या शब्दापुढची नावं मोजा: विद्यार्थी किती, शिक्षक किती?

मग शेवटच्या वर्षातल्या एखाद्याला गाठून विचारा, पहिलं नाटक बसवायला कधी मिळालं? तालमीला खोली कुणी दिली? रंगमंचावरचे दिवे लावून किती तास काम करता आलं? रिकाम्या वर्गात बाकं सरकवून केलेली एकांकिकाही मला मोलाची वाटते, फक्त ती स्वतः बसवलेली हवी.

एक जपा: काही ठिकाणी दिग्दर्शनाचं विशेषीकरण पदव्युत्तर पातळीवरच असतं. फी भरण्याआधी अभ्यासक्रम नीट वाचा.