४८ चं ४४.१ करताना आवाज कुठे बिघडतो

आधी एक बघा: सॅम्पल रेट (आवाजाचे नमुने, म्हणजे सॅम्पल, सेकंदाला किती हजार घेतले तो आकडा) बदलायची खरंच गरज आहे का? ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ९६ ला नेली म्हणून तिच्यात नवं काही येत नाही. रेटच्या निम्म्यापर्यंतचेच सूर फाइलमध्ये मावतात, त्यामुळे २२ किलोहर्ट्झच्या वरचं मुळात रेकॉर्डच झालेलं नाही, ते आणणार कुठून? फाइल तेवढी दुपटीहून मोठी होते. शिवाय आजचे बहुतेक डॅक (डिजिटल फाइलचा ऐकू येणारा सिग्नल करणारी चिप किंवा डबा) आलेला सिग्नल आतल्या आत स्वतःच कितीतरी पट जास्त रेटला नेतात. सीडीला ४४.१ लागतं, व्हिडिओला ४८ लागतं, किंवा एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही येऊन पडतात, तेव्हाच या भानगडीत पडा.

नुसतं ऐकायचं असेल तर उलट काम आहे: नकळत होणारं रूपांतर थांबवायचं. विंडोजमध्ये नेहमीच्या मार्गाने वाजणारा प्रत्येक आवाज मिक्सरच्या एकाच ठरलेल्या रेटला आणला जातो. तो रेट साउंड सेटिंग्जमध्ये डिव्हाइसच्या गुणधर्मांत दिसतो. तिथे ४८ असेल तर ४४.१ चं गाणं डॅकपर्यंत पोचतं ते बदलूनच. प्लेयर ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’वर (डॅक एकट्या त्या प्लेयरच्या ताब्यात देणाऱ्या विंडोजच्या मार्गावर) ठेवला की मिक्सर बाजूला होतो. तेवढ्या वेळापुरते बाकीच्या प्रोग्रॅमचे आवाज बंद पडतात, तो बिघाड नव्हे. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधून रेट हाताने बदलता येतो.

आता खरं रूपांतर. ४८ आणि ४४.१ यांचं गुणोत्तर १६०:१४७ असं वाकडं आहे, त्यामुळे मधले सॅम्पल सरळ गाळून चालत नाही, नवे मोजून काढावे लागतात. त्याआधी २२.०५ च्या वरचं सगळं फिल्टरने कापायचं आणि २० पर्यंतचं, म्हणजे कानाला ऐकू येणारं, मात्र जसंच्या तसं सोडायचं. हातात जागा जेमतेम दोन किलोहर्ट्झची. स्वस्तातले कन्व्हर्टर इथेच घाई करतात, आणि न कापलेला आवाज उलटा फिरून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात घुसतो: ९६ च्या फाइलमधला ३० किलोहर्ट्झचा सूर १४.१ वर येऊन बसतो.

आपला कन्व्हर्टर कसा आहे हे दहा मिनिटांत कळतं. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये प्रोजेक्टचा रेट ९६००० करा आणि ‘जनरेट’मधून चर्प (खालून वर चढत जाणारा सूर) बनवा: साइन, २० ते ४०००० हर्ट्झ, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.५, लिनियर, ३० सेकंद. ती २४ बिट वेव्ह म्हणून काढून घ्या, तुमच्या कन्व्हर्टरमधून ४४.१ ला आणा आणि स्पेक्ट्रोग्रॅममध्ये (कुठल्या क्षणी किती उंच सूर आहे ते दाखवणाऱ्या चित्रात) उघडा. स्केल लिनियर आणि वरची मर्यादा २२०५० ठेवायला विसरू नका, नाहीतर नेमका कामाचा भाग दिसणारच नाही. तिरकी रेघ साधारण साडेसोळाव्या सेकंदाला वर टेकून नाहीशी व्हायला हवी, पुढे काळोख. तीच रेघ वरून आपटून खाली उतरताना दिसली आणि शेवटी ४ किलोहर्ट्झच्या आसपास पोचली, तर तो कन्व्हर्टर टाकून द्या. टोकाशी, २० च्या वर, किंचित वळण दिसलं तर ते चालवून घ्यायला हरकत नाही. ही फाइल स्पीकरवर मोठ्याने मात्र लावू नका, ट्वीटर जळायचा.

फाइल बदलताना क्रम पाळा. मूळ फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये (हिशोबाला जास्त मोकळीक देणाऱ्या फॉरमॅटमध्ये) उघडा आणि आवाज १ ते २ डेसिबल खाली घ्या. ठासून मास्टर केलेल्या गाण्यात सॅम्पल शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीला, टेकलेले असतात, पण लाटेचा खरा माथा दोन सॅम्पलच्या मधे, शून्याच्याही वर असतो. नवा सॅम्पल नेमका त्या माथ्यावर पडला की क्लिपिंग, म्हणजे माथा छाटला जाऊन आवाज फाटतो. एवढं कमी करूनही मीटर शून्य ओलांडत असेल तर आणखी एक डेसिबल उतरवा. मग रेट बदला, उपलब्ध असेल ती सगळ्यात सावकाश, सगळ्यात चांगली पद्धत निवडून.

१६ बिटला आणायचं ते अगदी शेवटी, आणि डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी हलकी खरखर) लावून. डिदर नसेल तर गाण्याच्या शेवटी विरत जाणारा सूर आधी खरखरीत होतो आणि मग एकदम तुटतो. त्रिकोणी डिदर लावला की त्या जागी एकसारखी, अगदी मंद खरखर राहते, जिच्याकडे कान जात नाही. डिदर एकदाच. एमपी३ करायची असेल तर मधे १६ बिट करायचंच नाही, एन्कोडरला २४ बिट फाइल द्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रूपांतराऐवजी नुसती पाटी बदलल्याने. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूतला ‘रेट’ सॅम्पल तेच ठेवतो, फक्त ते किती वेगाने वाजवायचे ते बदलतो. खरं रूपांतर ‘ट्रॅक्स’ मेनूतल्या ‘रीसॅम्पल’मध्ये आहे. ४४.१ च्या फाइलवर ४८ ची पाटी लागली की दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग ९ मिनिटं ११ सेकंदांत संपतं, आणि पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लोंबकळतं. सूर असा कुठल्याच पट्टीत बसेनासा झाला तर फिल्टर आणि डिदरच्या मागे न लागता आधी दोन्ही फाइल्सची लांबी ताडून बघा.