आधी नाटकाची तारीख, मग वाढदिवसाची

वाढदिवसाची संध्याकाळ नाटक आणि निवांत जेवण यांत घालवायची, असे कोल्हापुरातील एखाद्या नवरा-बायकोने ठरवले की पहिली अडचण तारखेची येते. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके येथे दौऱ्यावर येतात, एखाद-दुसरा प्रयोग करतात आणि सांगली किंवा बेळगावच्या वाटेला लागतात. त्यामुळे वाढदिवस 17 तारखेला आणि हवे ते नाटक 21 तारखेला असेल, तर 17 ला घरी औक्षण करून गोडधोड खावे आणि बाहेर जाण्याचा बेत 21 ला ठेवावा. आपल्याकडे एकच वाढदिवस तिथीने आणि तारखेने असा दोनदा करण्याची पद्धत आहेच. त्यात तिसऱ्याची भर पडली तर कोणाचे काही बिघडत नाही. याउलट 17 तारखेलाच अडून बसल्यास त्या दिवशी जे काही लागले असेल ते पाहावे लागते आणि वाढदिवसाला कंटाळवाणे नाटक दाखवल्याचे पुढे वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

नाटक निश्चित झाले की जाहिरातीतील सभागृहाचे नाव लक्षपूर्वक वाचावे. आमच्या पिढीला नाटक म्हटले की पाय आपोआप खासबागेकडे वळतात, कारण राजर्षी शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात बांधून घेतलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, तेथे कुस्तीच्या मैदानाला लागून उभे होते. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, 8 ऑगस्ट 2024 रोजी, ते आगीत जळाले आणि त्यानंतर त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. म्हणून सवयीने गाडी तिकडे वळवण्याआधी प्रयोग कोठे आहे याची खात्री करून घ्यावी. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवन किंवा गायन समाज देवल क्लब येथे कार्यक्रम असेल, तर आसनांची संख्या मोठ्या नाट्यगृहापेक्षा कमी असते आणि तिकिटे लवकर संपतात, हेही ध्यानात ठेवावे.

थोडा प्रवास चालणार असेल तर इचलकरंजीचे श्रीमंत घोरपडे नाट्यगृह सुमारे तीस किलोमीटरवर आणि सांगलीचे विष्णुदास भावे नाट्यमंदिर सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. ज्या गावात 1843 साली ‘सीतास्वयंवर’ हे मराठीतील पहिले मानले जाणारे नाटक रंगभूमीवर आले, त्या सांगलीत नाटक पाहण्याचा आनंद वेगळा आहे, हे कोल्हापूरकर असूनही मान्य करावे लागते. मात्र सांगलीला रात्रीचा प्रयोग पाहिल्यास जेवणाचा बेत जवळजवळ बुडतो, म्हणून तेथे दुपारचाच प्रयोग निवडावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापुरात रंगते तेव्हा तिकीट नाममात्र असते. नाटक कसे निघेल याची हमी नसली, तरी वाचलेले पैसे जेवणाकडे वळवता येतात आणि रंगमंचावर एखादा ओळखीचा बँकेतला कारकून राजा होऊन उभा राहिलेला दिसतो.

प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की त्याच दिवशी तिकिटे घ्यावीत. अनेक प्रयोगांची तिकिटे आता मोबाईलवरही मिळतात. तरीही मी शक्यतो खिडकीवर जाते, कारण तेथे कागदावरचा आसनांचा तक्ता समोर ठेवून विचारता येते. पहिल्या तीन रांगांत मान वर करून बसावे लागते आणि फार मागे नटाचे डोळे दिसत नाहीत. साधारण चौथ्या ते आठव्या रांगेतील मधल्या खुर्च्या मागाव्यात, आणि दोघांपैकी एकाचे गुडघे दुखत असतील तर मधला हट्ट सोडून कडेच्या दोन खुर्च्या घ्याव्यात.

यापुढचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, तो म्हणजे जेवण आधी की नाटक आधी. दोन अंकी नाटक मध्यंतरासह सव्वादोन ते अडीच तास चालते, संगीत नाटक त्याहून लांबते. प्रयोग साडेचार-पाचचा असेल तर प्रश्नच उरत नाही. पावणेआठच्या सुमारास बाहेर पडावे, सव्वाआठला टेबलावर बसावे आणि नाटकातील कोणाचे काम चांगले झाले यावर जेवण होईपर्यंत वाद घालावा. माझ्या मते वाढदिवसासाठी हाच क्रम उत्तम आहे, कारण जेवताना बोलायला घरातील हप्ते आणि मुलांचे गुण सोडून दुसरा विषय मिळतो. प्रयोग रात्री नऊ-साडेनऊचा असेल, तर मात्र नाटकानंतर जेवण्याचा विचार सोडून द्यावा. पडदा पडेपर्यंत बारा वाजत येतात आणि तोवर बहुतेक चांगल्या हॉटेलांचे स्वयंपाकघर बंद झालेले असते. अशा वेळी सातला जेवायला बसावे, सव्वाआठला उठावे आणि पोटात थोडी जागा शिल्लक ठेवावी. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून, वर बिर्याणी खाऊन नाट्यगृहातील गार हवेत बसलेला माणूस दुसऱ्या प्रवेशापर्यंत घोरू लागतो, आणि वाढदिवस त्याचाच असल्यामुळे त्याला कोपराने ढोसताही येत नाही.

दिवस निवडताना वारही पाहावा. दोघांपैकी एकजण सोमवार, गुरुवार किंवा शनिवार पाळत असेल, अथवा श्रावण चालू असेल, तर मांसाहारी थाळीसाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी टेबल राखण्यात अर्थ नसतो. संकष्टी असल्यास गुंतागुंत आणखी वाढते, कारण त्या दिवशी चंद्रोदय बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान होतो, म्हणजे नेमका पहिल्या अंकात. उपास सोडल्याशिवाय जेवता येत नाही आणि चंद्र पाहायला मधेच उठताही येत नाही. त्या तारखेला नाटक असेल तर दुपारचा प्रयोग पाहून चंद्रोदयानंतर सावकाश जेवावे.

आता हॉटेलाविषयी. ताराराणी चौकाच्या, म्हणजे जुन्या कावळा नाक्याच्या परिसरात तारांकित हॉटेल आहे, ताराबाई पार्क आणि न्यू शाहूपुरीकडे बैठकीची नीट व्यवस्था असलेली हॉटेले आहेत, आणि दसरा चौकातून तेथे पोहोचण्यास एरवी दहा-पंधरा मिनिटे लागतात. सुटीच्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांमुळे ती वेळ दुप्पट धरावी. मेणबत्ती, कापडी रुमाल, एकामागून एक येणारे पदार्थ असे जेवण हवे असेल, तर तेथे घरी न होणारा पदार्थ मागवावा, कारण कोल्हापूरचा माणूस बाहेरच्या मटणाचा पहिला घास घेताच त्याची घरच्या मटणाशी तुलना सुरू करतो आणि त्या तुलनेत हॉटेल सहसा हरते.

ज्यांना वाढदिवसालाही रस्साच हवा, त्यांनी चांगला पांढरा रस्सा ओळखायला शिकावे. मटण शिजताना सुटलेल्या अळणी पाण्यात खसखस, तीळ, काजू यांचे वाटण आणि नारळाचे दूध घालून तो करतात, आणि नारळाचे दूध पडल्यावर त्याला जोराची उकळी येऊ दिली तर तो फुटतो. वाटी समोर आली की चमचा न घालता आधी नुसते पाहावे. रस्सा दुधासारखा एकसंध असून त्यावर तुपाचे बारीक थेंब तरंगत असतील तर तो ताजा आहे असे समजावे. वाटीच्या कडेला रवाळ कण चिकटले असतील आणि खाली पाणी वेगळे दिसत असेल, तर तो दुपारचा असून पुन्हा तापवलेला आहे. चांगल्या ठिकाणी वाढपी किटली घेऊन पुन्हा पुन्हा फिरतो आणि “वहिनी, पांढरा घालू का अजून?” असे विचारतो. त्याला हो म्हणण्यास हरकत नाही, तांबड्याला मात्र नाटकाआधी बेताने हो म्हणावे, कारण शांत प्रसंगात आलेला ठसका मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

टेबल राखताना केवळ वेळ सांगून थांबू नये. माझ्या यजमानांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी तेवढीच चूक केली. नऊचा प्रयोग होता, साडेसातला आम्ही एका हॉटेलात बसलो, आणि मी फोनवर सहज सांगितलेल्या “वाढदिवस आहे” या दोन शब्दांचा तेथील मंडळींनी भलताच अर्थ घेतला. दिवे मालवले, मोठ्या आवाजात वाढदिवसाचे गाणे लावले, शेजारच्या टेबलांवरील अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि यजमान लाजून पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिले. या गडबडीत मुख्य जेवण साडेआठला आले. आम्ही पोहोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला होता, आणि अंधारात सात-आठ जणांच्या पायांवर पाय देत, प्रत्येकाला “माफ करा हं” म्हणत आम्हाला जागेवर जावे लागले. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी स्पष्ट सांगते: आम्हाला किती वाजता उठायचे आहे, कोणते पदार्थ आल्याबरोबर हवे आहेत, आणि गाणे लावायचे नाही.

बिलाबाबत एवढेच सांगावेसे वाटते की साध्या उपाहारगृहात जीएसटी 5 टक्के असतो, परंतु ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला 7,500 रुपयांहून अधिक आहे तेथील जेवणावर तो 18 टक्के लागतो, म्हणून खर्चाचा अंदाज मेनूकार्डवरील आकड्यांवरून बांधू नये. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. लावलेले दिसल्यास ते शांतपणे काढायला सांगावे आणि वाढप्याला जे द्यायचे ते हातात द्यावे.

पोशाखाचे नियम कोणी घालून दिलेले नाहीत, पण एक सूचना कळकळीची आहे. भेट म्हणून त्याच दिवशी नवी कापशी चप्पल दिली असेल, तर ती घालून नाटकाला जाऊ नये. कर्रकर्र असा तिचा आवाज रस्त्यावर रुबाबदार वाटतो, परंतु मध्यंतरानंतर उशिरा आत येणाऱ्या माणसाच्या पायात ती असली की नटासकट सारे सभागृह वळून पाहते. गजरा महाद्वार रोडवरून संध्याकाळी ताजा घ्यावा. मोठी भेटवस्तू, विशेषतः साजासारखा दागिना, घरीच देऊन मोकळे व्हावे. अंधारात खुर्चीखाली पिशवी सांभाळत बसल्याने नाटकावरचे लक्ष उडते.

रात्रीच्या प्रयोगानंतर रिक्षा सहज मिळेल असे गृहीत धरू नये. स्वतःचे वाहन नसेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला पडदा पडण्याची वेळ आधीच सांगून ठेवावी. मुलांना सासूबाईंकडे सोपवले असेल तर निघतानाच “आई, तुम्ही जागू नका, आम्ही येऊ आमचे आम्ही” असे सांगावे आणि बाहेरच्या दाराची किल्ली पर्समध्ये आहे ना, हे रिक्षात बसण्यापूर्वी तपासावे. सांगूनही त्या जाग्या असतातच, म्हणून त्यांच्यासाठी एक मसाला पान बांधून घ्यावे.