जैविक वय: चाचणीआधी टेप आणि खुर्ची काढा

रक्त किंवा लाळ तपासून शरीराचं ‘खरं वय’, म्हणजे जैविक वय, सांगणाऱ्या चाचण्या आता घरपोच मिळतात. त्यामागचं शास्त्र खरं आहे. वयाबरोबर डीएनएवरच्या मिथाइल खुणा (त्याला चिकटलेले छोटे रासायनिक गट) ठरावीक रीतीने बदलतात, आणि शास्त्रज्ञ स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून वय काढणारं सूत्र मांडलं. पण काही सूत्रांत एकाच नमुन्याच्या दोन तपासण्यांतही काही वर्षांचा फरक पडतो. तीन महिन्यांनी ‘दोन वर्षांनी तरुण’ असा अहवाल आला, तर बदल शरीरात झाला की तपासणीत, हे कसं कळणार? ते पैसे राहू द्या.

घरीच मोजा. आधी कमरेचा घेर. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा. पँट जिथे बसते तिथे मोजलं तर सुटलेलं पोट टेपच्या वर राहतं आणि आकडा खोटा चांगला दिसतो. भारतीय पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. मग खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घाला आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद घटली आहे.

लॅबमधून एचबीए१सी करा. ती गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. मात्र लोह कमी असेल तर आकडा उगाच चढा येऊ शकतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही बघा. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) करायची असेल तर सर्दी-ताप उतरून तीन आठवडे जाऊ द्या.

आता बदल. पहिला स्नायूंचा, कारण चालणारे पुष्कळ, ताकदीचा व्यायाम करणारे थोडे. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषतात. ते झिजले की साखर रक्तात रेंगाळते. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीवर दंड आणि टाचा उचलणं, प्रत्येकी १० चे तीन फेर. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या टाका, दोन किलो वाढले. नेमकी इथेच गाडी अडते: वजन न वाढवता तेच तेच केलं तर ताकद वाढणं काही आठवड्यांत थांबतं. गुडघे दुखत असतील तर जिना चढा आणि उतरताना लिफ्ट घ्या.

चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं. बोलता यावं, गाता येऊ नये इतक्या वेगाने. ठाण्यात संध्याकाळी तलावपाळीला गर्दीत हा वेग मिळत नाही, सकाळी उपवन तलाव बरा. नेरुळकरांना फिरायला ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यान आहे. पावसाळ्यात सोसायटीचा जिना.

मग रात्रीचं जेवण. लोकलने साडेनऊला घरी पोचणारा माणूस दहाला भरपेट जेवून अकराला आडवा होतो. रात्री इन्सुलिनचं काम मंद असतं, शिवाय झोपही उथळ लागते. जेवण दोन भागांत तोडा. सहा-साडेसहाला ऑफिसमध्येच मूठभर फुटाणे आणि दोन उकडलेली अंडी किंवा पनीर. घरी आल्यावर फक्त भाजी, वरण, एक भाकरी. आधीचं खाणं चुकवून ‘घरी कमीच खाईन’ ठरवलं तर ते पाळलं जात नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण हलवण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

चहा चारनंतर नको. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतलं काही चालू असेल तर वरचं सगळं नंतर, आधी ते सोडा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

किती फरक पडतो? अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ प्रयोगात स्थूल नसलेल्या निरोगी लोकांनी दोन वर्षं साधारण १२ टक्के कमी खाल्लं, तेव्हा एका सूत्रानुसार वय वाढण्याचा वेग २ ते ३ टक्क्यांनी मंदावला. इतर दोन सूत्रांत फरक दिसला नाही. म्हणून महिन्यात चमत्कार शोधू नका. १२ आठवड्यांनी तीच टेप, तीच खुर्ची, तीच लॅब; खुर्चीची उंची बदलली तर सेकंदांची तुलना फुकट जाते.