ठाणे-नवी मुंबईत वेटलिफ्टिंग सुरू करताय? आधी मर्दपणाचं बघू

सोळा-सतराचा मुलगा हॉलमध्ये येतो तेव्हा मर्द म्हणजे जड उचलणारा, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात देतात बारऐवजी नुसता पाइप. शेजारी त्याच्याहून बारीक मुलगी 50 किलोचा स्नॅच (बार जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर) मारत असते. बरीच मुलं इथेच गळतात, ती ताकदीपायी नाही, लाजेपायी.

तेव्हा ही लाज आधी काढ. वेटलिफ्टिंगमध्ये भारताला ऑलिंपिक पदकं दोनच मिळाली आहेत, 2000 साली कर्णम मल्लेश्वरीला आणि टोकियोत मीराबाई चानूला. मीराबाई तेव्हा 49 किलो गटात होती. तिने क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 115 किलो उचलले. म्हणून शेजारच्या मुलीकडे नीट बघ: बार अंगाला किती चिकटून येतो, ती त्याखाली किती झटकन शिरते. नवा मुलगा दंडाने ओढतो, कोपर लवकर वाकवतो आणि पायांचा जोर तिथेच वाया घालवतो. पुरुषांचा बार 20 किलोचा, बायकांचा 15 चा. तंत्र बसेपर्यंत 15 चा घेतलास तरी काही बिघडत नाही.

कोणतं दुखणं सोसायचं, हे कळायला हवं. हुक ग्रिपमध्ये अंगठा बोटांखाली दाबला जातो, सुरुवातीचे काही आठवडे ठणकतो, तो सोसायचा. मनगट, कोपर, गुडघा किंवा कंबरेत कळ आली तर त्याच दिवशी कोचना सांगायचं. सांगलीचा संकेत सरगर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत दुखऱ्या कोपराने शेवटचा प्रयत्न करायला गेला. सुवर्ण एका किलोने हुकलं, रौप्य मिळालं. तो पदकाच्या क्षणी तयार खेळाडूने घेतलेला निर्णय होता. रोजच्या सरावात त्याची नक्कल करू नकोस.

वजन सोडायलाही शिकावं लागतं. स्नॅच पुढे झुकला तर बार पुढे ढकलून मागे सरक; मागे गेला तर पकड सोडून पुढे निघ. तोल सुटलेला बार धरून ठेवण्याच्या हट्टात कोपर निखळतं. मित्राने पकडायला मध्ये यायचं नाही, कितीही जीवलग असला तरी.

स्पर्धेत तंग कॉस्च्युम घालावा लागतो. दोन-चार वेळा घातला की संकोच जातो. खरा घात पहिल्या प्रयत्नाचा आकडा करतो. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले तर टोटलच, म्हणजे स्नॅच आणि क्लीन अँड जर्कची बेरीज, लागत नाही, आणि एकदा सुरू केलं की वजन खाली आणता येत नाही. म्हणून सर्वोत्तम 80 असेल तर 72-73 ने सुरुवात कर, प्रतिस्पर्धी काहीही लावो.

साध्या जिममध्ये कुणीतरी 'सायकल मार', म्हणजे काही आठवडे स्टेरॉइड घे, म्हणेलच. वाढीच्या वयात स्टेरॉइडने हाडांची वाढ लवकर थांबते, वृषणं आकसतात, शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. मर्द व्हायला जे घ्यायचं तेच उलटतं. 60 किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे 95 ग्रॅम प्रोटीन पुरतं: अंड्यात 6, 50 ग्रॅम सोयाबीन वडीत 26, बाकी डाळ, दूध, बांगडा. डब्यातल्या पावडरीत बंदी असलेलं काही निघालं तरी नाडा, म्हणजे देशाची डोपिंगविरोधी संस्था, खेळाडूलाच जबाबदार धरते. औषधातही तसं काही असू शकतं, म्हणून सर्दी-खोकल्याला गेलास तरी डॉक्टरांना आधी सांग, मी स्पर्धेत उतरतो.